धरला, शेठ!

आमच्या कुंदनला आउट करायची सोय नव्हती. बॅट त्याची, बॉल त्याचा आणि खेळायचं खळं आमच्या बापाचं. दांडी उडाली तरी पोरं एकमेकांकडे बघायची, मग कुणीतरी म्हणायचं, "वाऱ्यानं पडली." आणि हा पुन्हा गार्ड घ्यायचा. मी त्याची थोरली बहीण. उरणला शाळेत शिकवण्यात माझी हयात गेली. ढ पोरं पाहिली, वांड पोरं पाहिली. पण आपण ढ आहोत हे ज्याला कुणी कळूच दिलं नाही असं पोर मी एकच पाहिलं, आणि ते आमच्याच घरात निघालं.

पुढे बंदरासाठी जमीन सरकारकडे गेली आणि तिच्या बदल्यात द्रोणागिरीला प्लॉट मिळाला. त्यावर गोदाम उभं राहिलं, न्हावा शेव्याचा माल तिथे येऊन पडायला लागला आणि कुंदनचा कुंदनशेठ झाला. यात त्याचं कर्तृत्व इतकंच, की सही करायला तो वेळेवर उठला. भाडं आपोआप येतं. गोदामाची चावी त्याची बायको संध्या सांभाळते, वॉचमनच्या सुट्ट्या तीच बघते, गाड्या अडल्या तर भांडायलाही तीच जाते. शेठ गळ्यात साखळी घालून नाक्यावर उभे.

गोल्फ कुठून शिरलं ते सांगते. एका शिपिंग कंपनीच्या साहेबाच्या केबिनमध्ये त्यानं फोटो पाहिला: साहेब, हिरवळ, हातात काठी. घरी येऊन म्हणाला, "ताई, मोठी लोकं क्रिकेट नाय खेलत. आपन उगाच टेनिस बॉलवर जिंदगी घालवली." महिनाभरात बॅग आली, बूट आले, एकाच हाताचा मोजा आला. दुसऱ्या हाताचा हरवला असं समजून आमच्या बिचाऱ्या आईनं तो घरभर शोधला.

मग सुरू झालं खेळ सुधारणं. सकाळी मोबाइल पाण्याच्या ड्रमला टेकवून स्वतःचं शूटिंग करायचं आणि दिवसभर ते हळू करून येईल त्याला दाखवायचं. "खांदा बघ. फिरला का नाय?" खांदा फिरायचा, हे कबूल केलं पाहिजे. लांब मारायला त्याला लहानपणापासून आवडतं, आणि गाव बघत असेल तर फारच. खारघरला डोंगराखाली खेळायला जायचा तेव्हा पहिला फटका असा मारायचा की लोक वळून बघायचे. पण गोल्फमध्ये चेंडू शेवटी एका वाटीएवढ्या खड्ड्यात घालायचा असतो, आणि लांबचा फटका असो की शेवटचा दोन हातांवरून दिलेला धक्का असो, मोजताना दोन्ही एकच. शिकवणाऱ्यानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शेठ, जवळचं घोटा. तिथेच सगळे मरतात." शेठनी शिकवणारा बदलला.

त्याच्याबरोबर खेळायला निखिल आणि केयूर. निखिल पोर्टावर कस्टम्सची कामं करणारा एजंट, केयूर फ्लॅट विकणारा. दोघांनाही आमच्या गोदामात जागा हवी असते आणि रविवारी संध्याच्या हातचं चिंबोऱ्यांचं कालवणही हवं असतं. त्यामुळे कुंदनचा चेंडू खड्ड्याच्या दोन हातांवर आला की दोघं एका आवाजात ओरडणार, "धरला, शेठ!" म्हणजे गेलाच असं धरलं, आता मारायची गरज नाही. कुंदन वाकून चेंडू उचलणार, खिशात टाकणार आणि पुढे चालायला लागणार. मित्रामित्रांत असं चालतं म्हणे. चालत असेल. पण हा माणूस दोन वर्षांत एकदाही शेवटचा धक्का न देता 'गेम सुधारला' म्हणून गावभर सांगत होता, आणि ते दोघं भाकरी मोडत माना डोलवत होते. त्यांचा मला जास्त राग येतो. कुंदन मूर्ख आहे, ते दोघं नाहीत.

इथवर मी काही बोलले नाही. पैसा त्याचा, खांदा त्याचा. पण मग त्यानं गच्ची घेतली.

चार मजली घर बांधलं तेव्हा आईला खालची खोली मिळाली आणि वरची गच्ची मिळाली. गच्ची दिली कुणी नाही, तिनंच धरली. आमची आई गोजरा. मिठागरात राबली, भात लावलं, खाडीत उतरली. आता मिठागर नाही, शेत नाही, खाडीला भिंत. राहिली ती गच्ची. तिथे ती बारीक कोळंबीचा जवळा सुकवायची, वाल पसरायची, मिरच्या उन्हाला घालायची. आळीतल्या म्हाताऱ्या जिने चढून, धापा टाकत वर यायच्या आणि जवळा निवडता निवडता साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. उन्हात बसलेली आई मला तिथे जितकी सुखी दिसायची तितकी दुसरीकडे कधी दिसली नाही.

त्या गच्चीवर कुंदननं हिरवा गालिचा अंथरला. मऊ, लुसलुशीत, परदेशातून मागवलेला. मधोमध खड्डा, खड्ड्यात लाल झेंडा. आईच्या टोपल्या जिन्याखाली गेल्या. पहिल्या दिवशी ती सवयीनं वर आली तर हा ओरडला, "आय, इम्पोर्टेड हाय! पाय पुसून ये!" आणि आईनं खरंच पदरानं पाय पुसले. मी तिथे उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मात्र मलाच म्हणाली, "र्‍हाऊ दे बाय, त्याचा खेल हाय." त्याचा खेळ! साठीकडे झुकलेला घोडा!

आणि एवढं करून त्या गालिच्यावर काय चालायचं? भाऊबीजेला माहेरी गेले होते तेव्हा वर जाऊन पाहिलं. एका टोकावरून चेंडू ढकलायचा, तो खड्ड्याजवळ थांबायचा, हा बुटानं आत सारायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "धरला."

त्या दिवशी मी जेवताना विषय काढला. गच्ची आईची आहे, गालिचा काढ. कुंदन हसला. हौशी खेळाडूंच्या चषकाची तारीख आली होती. ताटावरच हात उभारून म्हणाला, "ताई, कप घरी आनला तं गच्ची माझी, परत विषय नाय. नाय आनला तं कार्पेट मी सोताच्या हातानं उचलीन. गावदेवीची आन." संध्या, निखिल, केयूर, सगळ्यांनी ऐकलं. आईनंही ऐकलं. तिनं कालवणाचं भांडं उगाच पुढे सरकवलं, पण तिचे कान कुठे होते ते मला दिसत होतं. रात्री निघताना तिनं मला हळूच विचारलं, "बाय, त्यो कप लय कठीन असतो का गं?"

चषकाच्या दिवशी आमच्या माणसांनी जे करायचं तेच केलं. गावच्या वेशीवर आदल्या संध्याकाळीच बॅनर चढला: 'गोल्फ चषक विजेते मा. कुंदनशेठ यांचे हार्दिक अभिनंदन', खाली गॉगल घातलेला तो आणि चौकटीत बारा शुभेच्छुक. बेंजोवाले टेम्पोत बसून खारघरला आले. त्यांना पार्किंगच्या पुढे कुणी सोडलं नाही, तेव्हा ते तिथेच सूर लावत बसले. आईला नवी नऊवारी नेसवून संध्यानं क्लबच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. समोरच शेवटच्या खड्ड्याची हिरवळ होती.

दुपारी हे तिघं तिथवर पोचले. लांब, आडोशाच्या जागी यांनी काय काय 'धरलं' असेल ते यांनाच ठाऊक, कारण कुंदनचे फटके लिहायला निखिलच होता. पण त्याचा आकडा सर्वांत पुढे होता आणि व्हरांड्यातले लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते. कुंदननं चेंडू ढकलला. तो सरळ गेला आणि खड्ड्यापासून दोन हातांवर थांबला. टाळ्या पडल्या. फक्त एक धक्का बाकी होता.

कुंदन चालत गेला. वाकला. चेंडू उचलला आणि खिशात टाकला. मग दोन्ही हात वर करून आमच्याकडे वळला. पार्किंगमध्ये कुणीतरी बघत असावं, कारण तेवढ्यात बेंजो वाजायला लागला.

टाळ्या थांबल्या. क्लबच्या सेक्रेटरी श्रुतीबाई पायऱ्या उतरून गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, चेंडू आत गेलेला नाही."

"धरला ना," कुंदन म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं निखिलकडे पाहिलं. निखिल मोबाइलमध्ये बघत होता. केयूरकडे पाहिलं, तर केयूर बुटाची नाडी बांधत होता.

"इथे धरत नाहीत," बाई म्हणाल्या. "उचलल्याचा एक फटका दंड. परत ठेवा आणि मारा."

कुंदननं चेंडू परत ठेवला. दंडाचा फटका लागूनही तो पुढेच होता. दोन हात. आमच्या आईनं सुपातून दाणा टाकला असता तर गेला असता. त्यानं मारला. डावीकडून गेला. मग उजवीकडून. मग इतका जोरात, की हिरवळ ओलांडून वाळूत. कुणी हसलं नाही, हे फार वाईट. बेंजो मात्र वाजतच होता, त्यांना थांबवायला संध्या धावली. मला मजा वाटायला हवी होती, आणि खोटं कशाला बोलू, वाटली. आई मात्र खुर्चीच्या कडेला सरकून, पदर तोंडाशी धरून बघत होती. आणि ती त्याचा चेंडू आत जावा म्हणून बघतेय की जाऊ नये म्हणून, हे मला तिच्या तोंडावरून कळेना.

कप भलत्याच कुणीतरी नेला.

घरी सगळे जमले. वेशीवरचा बॅनर उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुंदन दोन घास पोटात गेल्यावर सावरला. म्हणाला, "त्या बाईनं टेन्शन दिला म्हनून. तसं बघायला गेलं तं जिंकलोच होतो. फक्त दोन हात ऱ्हायले." निखिलनं चिंबोरीचा नांगा फोडला. "जिंकल्यातच धरा, शेठ." केयूर म्हणाला, "धरलाच!" कुंदनचा चेहरा उजळला. तो आईकडे वळला. "मग आय, कार्पेटचा कसा? ऱ्हाऊ दे ना?"

आमची आई. आयुष्यभर याला हो म्हणालेली बाई. मला वाटलं, म्हणतेय आता. ती उठली आणि हात धुवायला गेली.

त्या रात्री मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तेव्हा जिन्यातच वास आला. हिरव्या गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओला जवळा पसरलेला होता. आळीतल्या म्हाताऱ्या फतकल मारून बसल्या होत्या. खड्ड्यातला झेंडा आईनं तसाच ठेवला होता, कावळे भिववायला. गालिच्यात मुरलेला तो वास आता कुठल्या साबणानं जायचा नव्हता.

माझ्यामागून कुंदन आला. बुटांसकट, हातात काठी. दारातच थबकला.

"आय! इम्पोर्टेड हाय ते!"

"असंल," आई जवळा हलवत म्हणाली. "पाय पुसून ये."