लायनिंगवाले मामाजी

मामाजी कोनाले भेटले का पयले "जयभीम" म्हनत, अन् मंग हात मिळवायच्या ऐवजी सिद्दा पोटाले बोट लावत. "काहो, लायनिंग कशी हाये?" वैशाली नगरात आमच्या गल्लीचे ते मामा, नात्यानं कोनाचेच नाही. साऱ्या नोकरीत त्यायनं पोलादाच्या प्लांटात भट्टीच्या अंदरच्या ईटा बसवल्या. रिटायर झाले, तं मानसाच्या पोटामांगं लागले.

"भट्टी लोखंडानं नाही टिकत बे," म्हनत, "अंदरच्या ईटीनं टिकते. पोटाचंबी तसंच. लायनिंग गेली का भोक पडलं समज."

मी जामुलच्या कारखान्यात सिमेंटच्या बोऱ्या लादतो. कंबर दुखे, म्हनून उपाशीपोटी चहासंग दुखन्याच्या गोळ्या खाल्ल्या, फुटाने खावं तशा. शाळा दुसरीतच सोडली, पन अल्सर कमावला तो साहेब लोकायचा.

डॉक्टरनं त्या गोळ्या बंद करून दुसऱ्या देल्ल्या. मामाजीले समजलं, तं रोज सकाळी मी कामावर निघाच्या पयले ते दारात, हातात काढ्याचा गिलास. उतईच्या बाजारातून मुलेठी, म्हंजे जेष्ठमध, अन् शतावरीच्या मुळ्या आनत, कुटत, भिजवत, चौथा हिस्सा राहेपर्यंत उकळत. "मंद आचेवर बे. घाईनं तापवली का ईट तडकते."

काढा गोड-गोड, चिकट. पयल्या दिवशी नाक धरून गिळला. दुसऱ्या दिवसापासून मामाजीची पाठ फिरली का मोरीपाशी पपईचं झाड होतं, त्याले पाजला. दोन महिने. त्या पपईले आजवर अल्सर झाला नाही.

डॉक्टरच्या गोळ्यायनं मी बरा झालो. मामाजीनं इचारलं, "काढ्यानंच झालं न?"

"मंग काय! गोळ्या तं मी फेकून देल्ल्या."

एवढं म्हनायची काईच गरज नव्हती. पन त्यायचं तोंड असं फुललं का मले थांबवेच ना.

जयंतीले विहारात त्यायनं मले साऱ्यायपुढं उभं केलं. "हा पाहा, रिलायनिंग केलेला मानूस!" मीबी पोट थापटून-थापटून भाषन देल्लं. टाळ्या पडल्या. त्याआधी लोक मायावर नुसते दात काढत. टाळी पयल्यांदाच भेटली.

वर्षभरानं मामाजीचंच पोट दुखाले लागलं. गुडघ्यासाठी तेबी दुखन्याच्या गोळ्या खात. संडास काळी होऊ लागली. मामीजी, त्यायची बायको, आमच्या दारात आल्या. "दवाखान्यात चाला म्हटलं, तं म्हनतात, त्या पोट्ट्याले काढ्यानं बरं केलं, मले नाही करन का? तुयंच ऐकतीन ते. समजाव न बापू."

खरं सांगाचं ठरवूनच गेलो मी. मामाजी खाटेवर बसले होते, चेहरा पांढराफटक, हातात गिलास. मले पाहून हासले.

"आलं मायं सर्टिफिकेट! सांग बे तुया मामीले, किती दिवसात फरक पडला?"

मी तोंड उघडलं. बाहेर निघालं, "पंधरा दिवसात."

मामीजीनं मायाकडे पाहिलं अन् अंदर गेल्या.

तिसऱ्या दिवशी मामाजीले रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरीनबाई चिडल्या. "काढ़ा पीना है पियो, पर दवाई क्यों नहीं ली? किसने कहा सिर्फ़ काढ़े से अल्सर ठीक होता है?"

मामाजीच्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यायनं बोट उचललं अन् माया पोटाकडे दाखवलं. कौतुकानं, जयंतीले दाखवलं होतं तसंच. डॉक्टरीनबाई मायाकडे पाहून राहिल्या होत्या. मी पोटावर हात ठेवला अन् हो म्हनून मुंडी हालवली.

मामाजी परत आले ते खांद्यावर.

मागच्या हप्त्यात पपई पिकली. मायाच्यानं खावली नाही, म्हनून मामीजीले नेऊन देल्ली. त्यायनं तिथंच कापली. एक फोड मामाजीच्या फोटोपुढं ठेवली, दुसरी तोंडात टाकली.

"कितीऽ गोड हाये रे!" म्हनाल्या. "काय घालतं तू झाडाले?"

"काई नाही मामीजी," मी म्हटलं. "पानी."