आठ बोटांची खात्री

किसन ओव्हाळला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका वेल्डरच्या छातीवर बसलो होतो आणि त्याच्या ओठातून रक्त येत होतं. चाकणच्या आमच्या कंपनीचं कँटीन, दुपारच्या जेवणाची वेळ, डाळीचं पातेलं लवंडलेलं. माझे नवे कोरे बूट लॉकरमधून त्यानंच उचलले, असं माझं म्हणणं. दुसरी बुक्की वर गेली आणि कुणीतरी माझ्या नाकासमोर दोन्ही पंजे उघडून धरले. उजव्याला पाच बोटं, डाव्याला तीन. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गायब.

"किती?" त्यानं विचारलं.

"काय किती?"

"ह्यानंच घेतले, ह्याची खात्री. बोटांनी सांग."

"दहा!"

"माझ्याकडं आठच हायत. मला बी वाटतंय ह्यानंच घेतले. सहा बोटं म्हण. पर सहा बोटांवर कुणी दात पाडतंय व्हय? बूट परत मिळत्याल. दात न्हाई मिळायचे."

मी उठलो. पटलं म्हणून नाही. हा कोण अर्धवट आहे ते नीट बघायचं होतं. चार दिवसांनी बूट त्या वेल्डरच्याच खोलीवर सापडले. मी ते हातात नाचवत प्रेसशॉपभर फिरलो. ओव्हाळ म्हणाला, "बरं झालं सापडले. दात बी हायत जागेवर. दोन्ही बाजूनं फायदाच."

ओव्हाळ गेला मागच्या थंडीत, छातीच्या दुखण्यानं. काळेवाडीच्या विहारात पुण्यानुमोदनाला लोक उठून बोलले. मनमिळाऊ होते, शांत होते, सगळ्यांशी हसून असायचे. बोटांचं कुणी काढलं नाही. काढायचं तर ते मीच काढायला हवं होतं, आणि माझी जीभ उचलली नाही. मी चौथी शिकलेला माणूस, दोन ओळी लिहायला मला घाम फुटतो. पण कुणाकडून लिहून घेणार नाही. माझं मीच लिहीन.

ओव्हाळ आमच्याकडं डाय सेटर होता. प्रेस म्हणजे पत्र्यावर एका ठोक्यात आकार उठवणारं मशीन, आणि त्यात बसणारा लोखंडी साचा म्हणजे डाय. तो साचा बसवायचा, काढायचा, अडकलेला पत्रा सोडवायचा, ही त्याची कामं. प्रेसच्या अंगाला माणसाच्या उंचीचं चाक असतं. मोटार बंद केली तरी ते आपल्या जोरावर फिरत राहतं. तरुणपणी, आमची गाठ पडायच्या आधी, त्यानं मोटार बंद केली आणि अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. चाकात जोर शिल्लक होता. ठोका पडला.

"मोटार बंद हाय ही खात्री होती मला," तो सांगायचा. "अन् ती खरी बी होती. मोटार बंदच होती. मी चाकाला इचारलंच न्हवतं."

तेव्हापासून त्याची खात्री आठावर थांबली. मशीन बिघडलं की उघडायच्या आधी तो खडूनं त्याच्या अंगावर लिहायचा. बेअरिंग पाच, शाफ्ट दोन. उरलेलं एक बोट कायम मोकळं. ते कशाचं, असं विचारलं की म्हणायचा, "मला सुचलंच न्हाई त्याचं." मग मशीन उघडायचा. चुकलं तर खडूवर फुली मारायचा, सगळ्यांच्या देखत. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "आधी लिव्हा, मंग हसा. उघडल्यावर तर समदेच म्हणत्यात, मला ठावंच होतं."

घरीही तेच. वहिनी वैतागायच्या. "जेवायला वाढू का विचारलं तर म्हणत्यात सात बोटं. आता सात बोटांची भाकरी कशी थापू?"

एकदा भंगाराच्या ठेक्यावरून गेटवर राडा झाला. कोयते, सायकलच्या चेन, आणि समोर पाच-सहा जण उभे. शिफ्ट सुटलेली, आम्ही चाळीस जण आत अडकलेलो. ओव्हाळनं भिंतीवर चढून दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाला, मागच्या दारानं चला. मागच्या दाराला झाडीत तिघं दबा धरून होते. आमच्यातल्या एकाचं डोकं फुटलं, एकाच्या दंडावर कोयता बसला, हाड दिसत होतं. सगळे ओव्हाळवर तुटून पडले. मी तर गचांडीच धरली. तो म्हणाला, "पुढं पाच दिसत व्हते, मागं एक बी न्हाई. उद्या परत तसंच दिसलं तर परत मागनंच नेईन. वाईट झालं, पर ठरवलं ते वाईट न्हवतं. झाडीत बघायचं राहिलं, ती चूक माझी. तेवढी लाव माझ्या माथी." दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर खडूची फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं, झाडी.

मला हे सगळं बायकी वाटायचं. पुरुषानं एकदा बोललं की बोललं. माझं सगळं आयुष्य दहा बोटांचं. आता त्याची गोष्ट सांगतो.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आपोआप साच्याबाहेर राहतात. पण नग जास्त काढायचे तर एक हात मोकळा लागतो. म्हणून आम्ही डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायचो. ते दाबलेलंच राहायचं आणि उजव्या एका बटणावर प्रेस चालायची. सगळेच ठोकायचे. सुपरवायझर तेवढ्यापुरता दुसरीकडं बघायचा. माझी पाचर जुन्या कानशीच्या मुठीची, निळी टेप गुंडाळलेली. आख्ख्या शॉपमध्ये तिच्याएवढी घट्ट बसणारी पाचर नव्हती. तिचा मला गर्व होता.

शिफ्ट बदलताना ओव्हाळ प्रेसा बघत फिरायचा. त्या दिवशी तीन वाजता माझ्याकडं आला.

"बबन, पाचर काढलीस?"

"काढली."

"किती बोटं?"

"दहा! रोज रोज काय नव्या नवरीला विचारल्यागत विचारतोस?"

तो तरी वाकून बघणारच होता. तेवढ्यात तीन नंबरच्या प्रेसवरून त्याला हाक आली. मी ओव्हरटाइमला थांबलो होतो, स्टोअरपाशी चहा घेत होतो. माझ्याच प्रेसवर दुसऱ्या शिफ्टला माझा धाकटा भाऊ पंडित यायचा, आणि त्याच्या जोडीला रामप्रीत, बिहारकडचा, ठेक्यावरचा माणूस.

चहा संपला नव्हता. "पंडितचा हात गेला!" अशी आरोळी आली.

पळत गेलो. पंडितचा उजवा हात मनगटापर्यंत साच्यात होता आणि साचा मिटलेला. तो ओरडत नव्हता. नुसता माझ्याकडं बघत होता. साचा वर उचलला तेव्हा हात बाहेर आला, पण त्याला हात म्हणता येत नव्हतं. फडक्यात गुंडाळलं तर फडकं चपटंच राहिलं. मी विचारलं, कुणी केलं? चार जण एकदम बोलले, रामप्रीतचा पंजा बटणावर होता, आम्ही डोळ्यांनी बघितला.

तोवर लोकांनी रामप्रीतला भंगाराच्या पिंपांमागं घेतला होता. लाथा, बेल्ट, पत्र्याच्या पट्ट्या. त्याचा एक डोळा मिटला होता, कान फाटून लोंबत होता. तो हात जोडून ओरडत होता, "भैया, एक ही बटन पे हाथ था! बस टेका था! एक बटन से तो चलता ही नहीं!"

"बघा, कबूल करतोय," कुणीतरी म्हणालं आणि मार वाढला.

मी डाय हलवायची लोखंडी पहार उचलली. लोकांनी मला वाट दिली. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. आज बसून लिहितोय म्हणून मऊ करून सांगणार नाही. मला त्याला मारूनच टाकायचं होतं.

रामप्रीतच्या अंगावर दोन्हीकडं पाय टाकून ओव्हाळ उभा होता. आत शिरण्याआधी त्यानं क्रेनवाल्याला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. "मार खाईन, सहा बोटं. मरंन, एक. एक मला म्हाईत न्हाई." आणि शिरला.

"किती बोटं, बबन?"

"दहा! वीस! पायाची पण धर!"

"चाक थांबू दे. आधी डावं बटण बघून ये. मंग मी हितनं हलतो, तुझ्या आईशपथ."

"माझ्या भावाचा हात गेलाय, ओव्हाळ! बाजूला हो!"

"म्हणून तर सांगतोय. गेला त्यो परत यायचा न्हाई. ह्याचं डोकं बी यायचं न्हाई."

मी पहार मारली. त्यानं उजवा हात आडवा घातला. पत्र्यावर ठोका पडावा तसा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला, पण पाय काढले नाहीत. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट उलट्या दिशेला वळली होती, त्यांतून रक्ताची धार रामप्रीतच्या तोंडावर पडत होती. त्याच हातानं तो प्रेसकडं दाखवत होता. "डावं बटण. बघा कुनीतरी."

क्रेनवाला गेला. त्यानं बटणातून काहीतरी उपटलं आणि वर धरलं. "अरे, पाचर आहे! एका बटणावर चालत होती ही!"

निळी टेप मला लांबूनच दिसली.

वाटेल तुम्हाला, की आता सगळे गप्प झाले असतील. नाही. एक जण म्हणाला, "ह्यानंच ठोकली असणार भडव्यानं!" आणि रामप्रीतला पुन्हा लाथ बसली. मोटार बंद झाली होती, चाक फिरत होतं. मी जाऊन क्रेनवाल्याच्या हातातून पाचर हिसकावली आणि खिशात घातली. लोकांना वाटलं रागानं घेतली. एकट्या ओव्हाळनं माझ्याकडं बघितलं.

कंपनीच्या जीपमध्ये मागं एका बाजूला पंडित, एका बाजूला ओव्हाळ, मध्ये मी. दोघांचे गुंडाळलेले हात माझ्या मांडीवर. चौकात कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली. मी उतरून एका ट्रकची काच फोडली, ड्रायव्हरला खाली ओढला. जीपमधून ओव्हाळचा आवाज आला, "बबन, त्याला रांग सोडायला जागा कुठं हाय, ते तरी बघ आधी." बघितलं. पुढं टँकर आडवा होता. ड्रायव्हरला सोडलं.

पंडितचा हात मनगटातून काढला. ओव्हाळची दोन बोटं काढली. रामप्रीतला पोलिसांनी दवाखान्यातच बेडीत ठेवला. ऑफिसनं लिहून दिलं होतं, ठेक्यावरच्या कामगारानं पाचर ठोकली. सगळ्यांच्या सोयीचं होतं. पंडितही म्हणाला, "दादा, त्या हरामखोराला सोडू नको." मी म्हणालो, नाही सोडत. पाचर माझ्या खिशातच होती.

तिसऱ्या दिवशी ओव्हाळच्या खाटेपाशी गेलो. वहिनी मला बघून पाठ फिरवून बाहेर गेल्या.

"पोलिस आले होते?" मी विचारलं.

"आलते. कुनी मारलं म्हणले. म्या म्हणलं, गर्दीत दिसलं न्हाई."

"आणि पाचर?"

"पाचर माझी न्हाई. मी काय सांगू?"

मी खाटेची कड धरली. मी कुणापुढं मान खाली घातलेली नाही, बापापुढंही नाही. शेवटी म्हणालो, "सांगितलं तर नोकरी जाईल. पंडित तोंड बघणार नाही माझं."

"व्हय. नोकरी पाच बोटं जाईल. पंडितचं मला म्हाईत न्हाई, तीन-चार म्हण. कमी करून सांगत न्हाई तुला."

"आणि मी सांगेन असं वाटतं तुला?"

त्यानं दोन्ही हात पांघरुणावर काढून ठेवले. डाव्याची तीन बोटं उघडली. उजव्याच्या पट्टीतून तीनच वर आली होती, तीही दुखत असणार, पण सरळ केली.

"सहाच?" मी म्हणालो.

"माझ्याकडं आता हायत तेवढी समदी, बबन."

माझ्या लक्षात आलं. या वेळी त्यानं एकही मोकळं ठेवलं नव्हतं.

नोकरी गेली. माझ्यावर केस झाली. पंडित अजून माझ्या उंबऱ्याला शिवत नाही, समोरून आला तर रस्ता बदलतो. डाव्या हातानं जेवतो असं कळतं. रामप्रीत सुटला, एका कानानं कमी ऐकतो, अजून चाकणमध्येच आहे. ओव्हाळला खांदा द्यायला मी होतो आणि समोरच्या बाजूला तो होता.

पण त्या तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून तडक पोलीस चौकीत गेलो, आणि पाचर टेबलावर ठेवली. निळ्या टेपवर रक्त सुकलं होतं, ते कुणाचं होतं कोण जाणे. हवालदारानं ती पेनानं उलटी केली.

"ही तुमची?"

"माझी."

"नक्की? नीट विचार करा. खात्री आहे?"

मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बघितले. पंडितचा एक पंजा नव्हता. ओव्हाळची चार बोटं नव्हती. माझी दहाच्या दहा जागेवर होती.

"आहे," मी म्हणालो. "लिहून घ्या."