वाचनालयाच्या कपाळावरचं खिंडार

आमचे हे गवंडी. साधे नव्हे, नक्षीचे. ओल्या गिलाव्यावरून पत्र्याचा साचा असा ओढायचे की खांबाचे कंगोरे लोण्यातून काढल्यासारखे उठायचे. पण मधे काही वर्षं अशी आली की लोकांना नक्षीच नकोशी झाली. बँक असो, दवाखाना असो, जिकडेतिकडे सपाट भिंती आणि काचा. हे तोंड पाडून घरी यायचे. "आजही नुसती सपाट भिंत," म्हणायचे. "हाताला काम आहे ना? मग झालं," मी म्हणायचे खरी, पण आतून जीव तुटायचा.

मग एक आर्किटेक्ट मुलगी परदेशात शिकून आली. तिला नव्या वाचनालयाचं काम मिळालं होतं. तिकडे म्हणे खांब, कमानी सगळं परत आलं होतं, पण नव्या तऱ्हेनं. त्या तऱ्हेला तिनं आधुनिकोत्तर असं काहीतरी नाव सांगितलं, ते यांच्या जिभेवर काही बसलं नाही. नमुन्याचा एक फोटो तिनं यांना दिला. लग्नाआधी माझा फोटोसुद्धा यांनी इतक्या वेळा पाहिला नसेल.

फोटोत दारावर मोठा त्रिकोण होता आणि नेमका शेंड्याशी तुटलेला. "बिचाऱ्यांची इमारत मोडायला आलीय," हे हळहळले. आणि वाचनालयावर तोच त्रिकोण यांनी अगदी अखंड, टोकदार करून टाकला. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

मी डबा घेऊन गेले त्याच दुपारी ती मुलगी आली. वर बघतच राहिली.

"काका, मधली गॅप कुठे गेली?"

"बुजवली!" हे छाती फुगवून म्हणाले. "तुमच्या फोटोत मोडलं होतं ते."

हसावं की रडावं, तिला कळेना. "काका, ते मुद्दाम तसं असतं. जुना थाट आपल्याला आवडतोच, पण आता त्याची थोडी चेष्टा करायची."

"आणि लोक काय म्हणतील? याला काम पुरं करता आलं नाही! मोडकं काम माझ्या हातून व्हायचं नाही. दुसरा गवंडी बघा."

एवढ्या वर्षांनी आलेलं काम हा माणूस लाथाडतोय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "जन्मभर माझी चेष्टा करता, ती काय मी आवडत नाही म्हणून?"

मुलगी दुसरीकडे बघायला लागली. यांचे कान लाल झाले. डबा उघडून जेवले, हात धुतले आणि छिन्नी उचलली. "चेष्टा करायची तर नीट करायची," म्हणत शेंडा फोडला आणि तुटक्या कडांनाही कंगोरे काढले.

वाचनालय उघडलं आणि लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली. "सिमेंट संपलं का हो?" समोरच्या चहावाल्यानं तर यांचं बारसंच केलं, 'खिंडारवाले'. हे मागच्या गल्लीनं जायला लागले. पुढे गंमत अशी की नावं ठेवणाऱ्यांनाच तसलं हवंसं झालं. कापडवाल्यानं त्रिकोण मागितला, दातांच्या डॉक्टरनं काहीही न पेलणारे दोन खांब. कामाला तोटा नव्हता, पण हे खूश नव्हते. "फॅशन म्हणून करतायत. कळलंय कुणाला?"

एका रविवारी मी यांना हट्टानं मोठ्या रस्त्यानं नेलं. वाचनालयासमोर एक म्हातारी काठी टेकून उभी होती, अनोळखी. तिनं खांब बघितले, मग मान वर करून त्रिकोण बघितला आणि एकटीच खुदकन हसली.

यांनी भर रस्त्यात माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता.

"हसली. अगं, ती हसली!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. "मग जा की, सांगा तिला, मी केलंय म्हणून."

"छे! आपण चेष्टा केली, हे आपणच सांगायचं नसतं," हे म्हणाले, आणि माझा हात न सोडता, आणखी कुणी हसतंय का ते बघत तिथेच उभे राहिले.