करंजी घाटातला ट्रेलर

लढाई संपली त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग नगरच्या कॅम्पात होतं. हुद्दा हवालदार. युनिटच्या क्रिकेट क्लबचा दोनचाकी ट्रेलर माझ्या ताब्यात होता. त्यात तंबू, जाळ्या, स्टंपांच्या पेट्या आणि पीच दाबायचा लोखंडी रूळ. रूळ उचलायला चार माणसं लागायची. आता आमच्या गावच्या क्लबाने ट्रेलर घेतलाय. मंडळी विचारतात, "नाना, सामान कसं भरायचं?" अहो, ज्याने चुकीचं भरलं त्यालाच विचारताय.

दर शुक्रवारी चार वाजता मेंटेनन्स. टायरची हवा, चाकांचे नट, बेअरिंगला ग्रीस, हुकाची खिटी. भरताना जड सामान चाकांच्या आसावर, जरा पुढच्या अंगाला. म्हणजे ट्रेलरचं नाक ट्रकच्या हुकावर दाबून बसतं. शेवटी सेफ्टी चेन. हूक सुटला तरी चेन ट्रेलरला धरून ठेवते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. लाज वाटते ती त्याचीच.

लान्स नाईक शेख माझ्या हाताखाली होता. नगर शहरातला, लोहाराच्या घरचा. घाट चढताना तो ट्रेलरमागे पायी चालायचा, हातात बाभळीची उटी, म्हणजे लाकडी पाचर. ट्रक थांबला की उटी चाकामागे सरकवायची. हा रिवाज बैलगाडीवाल्यांचा. शेखने तो युनिटमध्ये आणला. आम्ही त्याला हसायचो. "उस्ताद, हसा," तो म्हणायचा, "पन उटी लागतीच."

त्या दिवशी मॅच पाथर्डीला होती. तीनला संपली. आम्ही सपाटून हरलो. जाताना गावकऱ्यांनी पीच दाबून मागितलं, म्हणून बाकी सामान आधी भरलं गेलं आणि रूळ शेवटी आला. तो पुढे घ्यायचा तर सगळं उतरवावं लागणार. साडेसहाला कॅम्पात रिपोर्ट करायचं होतं. मी म्हणालो, "ठेवा मागेच."

रूळ बांधायला दोर पुरेना. मी सेफ्टी चेन काढून त्याला आवळली.

शेख पुढे आला. हुकाची खिटी उघडून त्याने ट्रेलरचं नाक एका हाताने वर उचललं. एका हाताने!

"नाक हलकं हाय, उस्ताद."

"दिसतंय मला. लाव खिटी."

"चढाला उचलंल."

"शेख, ऑर्डर आहे."

"जी." त्याने खिटी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि उटी घेतली.

पाचच्या सुमारास घाट लागला. मी ट्रकच्या मागच्या फळीशी बसलो होतो, तोंड ट्रेलरकडे. ट्रक पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. शेख दहा पावलं मागे. त्याच्या मागे एक बैलगाडी, तीत बाई आणि दोन लेकरं. तिसऱ्या वळणावर चाक खड्ड्यात आदळलं. नाक वर उडालं, खिटी तुटली आणि ट्रेलर सुटला.

मी ओरडलो, "शेख, बाजूला हो!"

बाजूला व्हायला जागा होती. त्याने मागे वळून बैलगाडी पाहिली. मग खाली बसून उटी चाकाखाली घातली आणि खांदा लावला. ट्रेलर थांबला. आवळलेली चेन निसटली, ट्रेलरची मागची फळी फुटली आणि रूळ त्याच्या अंगावर आला.

बैलगाडीला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही चौघांनी रूळ उचलला. पाच वाजून वीस मिनिटांनी शेख गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं, ऑर्डर माझी होती. बाहीवरची एक फीत उतरली, हवालदाराचा नाईक झालो. शिक्षा फार थोडी झाली असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात बसली होती.

"सामान कोनी भरलं हुतं?"

"मी, अम्मा."

माझी मान वर होईना.

"माझा शब्बीर लोहाराचा पोरगा. त्याला वजन कळत हुतं. त्यानं तुला सांगितलं न्हवतं व्हय?"

तेव्हा खोटं बोललो असतो तर कुणाला कळणार होतं?

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

आपला ट्रेलर निघायच्या आधी मी त्याचं नाक उचलून बघतो. एका हाताने उचललं, तर सगळं सामान खाली. मंडळी वैतागतात. वैतागू द्या. शब्बीर शेखने सांगितलंय.