व्हरांड्याची खोली

दिवस गेले की तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा आमच्या आईचा कायदा. सांगलीत आमच्या गल्लीत कुणी दुसऱ्याच महिन्यात बातमी फोडली की ती दार लोटून म्हणायची, "काय मेली घाई! दृष्ट लागली म्हणजे?" मी बँकेत ऑफिसर झाले, बदली होऊन चेन्नईला आले, अंदमानला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी फिरून आले, पण हे एक काही डोक्यातून गेलं नाही.

नवरा शहराबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात. पहाटे कंपनीच्या बसने जायचा, दिवेलागणीनंतर यायचा. माझी शाखा नुंगंबाक्कमला, घर तिथेच जवळ. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. दर रविवारी आईचा फोन यायचा. जेवणखाण, उकाडा, पाणी येतंय का, सगळं विचारून झालं की आवाज खाली आणून म्हणायची, "काय गं, काही विशेष?"

"काही नाही." हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं की तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं.

त्या हिवाळ्यात कंपनी त्याला ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवणार होती. तिथून कॅरिबियन समुद्र जवळ. दोघांनाही डायव्हिंगचं वेड लागलेलं. "पुन्हा कोण पाठवणार आपल्याला?" असं म्हणत आम्ही बोनेर नावाचं एक छोटं डच बेट ठरवलं. बेट ठरलं एका संध्याकाळी, पण राहायचं कुठे यावर महिनाभर भांडलो. त्याला पाहिजे होतं मोठं रिसॉर्ट: स्वतःचा धक्का, टाक्या भरायचं दुकान, खोलीतून पाय काढला की पाण्यात. मला आवडलं होतं एका म्हाताऱ्या बाईचं पिवळं घर. वरती एक खोली, खाली व्हरांड्याची एक खोली, आणि वापरायला स्वयंपाकघर.

"अरे, तू काहीही गिळतोस. मी आठवडाभर पाव चावू?"

"पण तिथून भाड्याच्या गाडीत टाक्या घालून किनारे शोधत हिंडावं लागेल."

"मग हिंड! त्यासाठीच तर चाललोय."

शेवटी तो म्हणाला, "तू भात शिजवायला चालली आहेस की मासे बघायला?" मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

आणि मग मला दिवस गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौथ्या-पाचव्या महिन्यात विमानप्रवास चालेल, पाण्याखाली मात्र बिलकुल जायचं नाही. मी म्हटलं, सगळंच रद्द करू. तो ऐकेना. "तू किनाऱ्यावर बस, मी एक बुडी मारून येतो. नाहीतर मीही बसतो." त्या रात्रीपासून माणूसच बदलला. प्रवाळ किती खोलीवर आहे एवढंच विचारणारा हा बाबा जिने किती उंच, मोरीतली फरशी घसरडी आहे का, रात्री पंखा असतो का, हे शोधायला लागला. रिसॉर्टचं नाव काढणं त्याने आपण होऊन सोडलं.

आमच्या मोबाईलवरून परदेशी फोन लागत नसे. म्हणून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर गेलो. तिकडे तेव्हा सकाळ. काचेच्या खोक्यात दोघं कसेबसे मावलो. पिवळ्या घराच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, दोघंही डायव्हर ना? कारण भाडं टाक्यांसकट असायचं. नवरा म्हणाला, "नाही, एकच." आणि मग एकदम, मी त्याला कोपर मारायच्या आत, "माझी बायको गरोदर आहे."

मी हबकलेच. पण दुसऱ्या क्षणी वाटलं, जाऊ दे. सातासमुद्रापलीकडची बाई, तिची कसली दृष्ट लागतेय! माझ्या आईला माहीत नाही, सासूला माहीत नाही, आणि जगात पहिल्यांदा हे कळलं ते तिला. तिने तिकडे आनंदाने आरोळीच ठोकली. वरची खोली नकोच, जिना उभा आहे, खालची व्हरांड्याची घ्या, म्हणाली. मग फोन मला द्यायला सांगून विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं तुला?"

डोहाळे! मला अजून कुणीच विचारले नव्हते. विचारणार कोण? कुणाला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, आंबट. काहीही आंबट. ती हसली. तिच्या अंगणात चिंचेचं झाड होतं. चिंचेचे गोळे साखरेत घोळवून बरणी भरून ठेवते, म्हणाली. बूथबाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या गर्दीच्या फुटपाथवर मी त्याचा हात धरून चालले.

तिसरा महिना सरत आला होता. येत्या रविवारी आईला सांगायचं ठरलं होतं. तिने "काही विशेष?" म्हटलं की थोडं थांबून "आहे" म्हणायचं, असं मी आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी बँकेत पोटात कळा सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

रविवारी फोन आला.

"काही विशेष?"

"काही नाही."

"परदेशी फिरायला बरं सुचतं तुम्हाला. आधी घरात पाळणा हलू दे की." ती तशी वाईट नाही हो, काळजीने बोलली. पण माझ्या अंगाचा असा भडका उडाला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. किंचाळून सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? जे होतं तेच कधी सांगितलं नव्हतं, ते गेलं म्हणून कसं सांगायचं? दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यांपासून झाकलं, आणि रडायची वेळ आली तेव्हा गळ्यात पडायला कुणी उरलं नाही. मी फोन ठेवला आणि कुकर लावला.

काही दिवसांनी नवरा हळूच म्हणाला, "आता रिसॉर्ट बघू का? तिथे कुणाला काही सांगावं लागणार नाही."

"नाही. त्याच घरी जायचं."

"का पण?"

"तिला माहीत आहे, म्हणून." असं म्हणून मी जी रडले, ती त्या दिवसांत पहिल्यांदाच.

पुन्हा तोच बूथ. त्याला बोलवेना, त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "आता दोन डायव्हर येणार आहोत." मग तिने विचारलं, "तुझी आई आहे का गं जवळ?"

"तिला माहीत नाही."

"अरेरे, पोरी," ती म्हणाली आणि रडायला लागली. माझ्यासाठी, माझ्या बाळासाठी दुसरं कुणी रडलेलं मी तेवढंच ऐकलं. खोली कुठली देऊ, असं तिने शेवटी विचारलं. मी म्हटलं, व्हरांड्याचीच.

गेलो. तिने फक्त माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सामान आत घेतलं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर डायव्हिंगची जागा दाखवणाऱ्या पिवळ्या रंगवलेल्या दगडापाशी आम्ही पाण्यात उतरलो. खाली निळ्या-पिवळ्या माशांचे थवे, आणि नवरा दर मिनिटाला बोटांचं कडं करून विचारतोय, ठीक? मीही कडं करत राहिले. मग पंजा आडवा हलवून 'ठीक नाही'ची खूण केली. त्याने माझा हात धरला आणि आम्ही हळूहळू वर आलो. नंतर मी उतरलेच नाही.

व्हरांड्यात बसायचे. बरणी कुठे दिसत नव्हती. शेवटी मीच विचारलं, "चिंचा कुठे आहेत?" ती ओशाळली. कपाटात मागे लपवून ठेवली होती. मी गोळा तोंडात टाकला आणि रडत रडत चोखत बसले. ती शेजारी मासे साफ करत होती. उठली नाही. निघताना तिने उरलेली बरणी माझ्या पिशवीत घातली.

चेन्नईला आल्यावर रविवारी आईचा फोन. तोंडात गोळा होता.

"काय खातेयस?"

"चिंच. तिकडून आणलीय."

"चिंच?" तिचा आवाज एकदम बदलला. इतक्या वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता. "अगं, खरं सांग हं. लपवू नकोस माझ्यापासून. दिवस तर नाही ना गेले?"

"नाही गं, आई," मी म्हटलं. "सहजच खातेय."