बक्षीसपत्र

मॅडमने टेबलाच्या खणातून स्प्रेचा डबा काढला आणि माझ्या दिशेने दोनदा फवारला. मोगऱ्याचा वास. थेंब माझ्या गालावर उडाले, एक डोळ्यात गेला. डोळा चुरचुरला. ती हसून म्हणाली, "सॉरी हं मावशी. एसीची बंद खोली ना, वास कोंडतो."

मी त्या दिवशी मासळीला हातच लावला नव्हता. पहाटे बंदरावर लिलावाला गेले नव्हते. डोक्यावरून दोनदा अंघोळ केली होती. चर्चमध्ये मिस्साला नेसते ती साडी नेसले होते. माझ्या अंगाला साबणाशिवाय कसलाही वास नव्हता. पण तिला आला. कारण मी कोण ते तिला माहीत होतं. एव्हरशाईन वसाहतीच्या बाजारात बारा वर्षं ती माझ्याकडून पापलेट घेते. दर रविवारी. नाकाला रुमाल न लावता, कल्ले उघडून बघते, घासाघीस करते आणि म्हणते, "मावशी, पोटातली घाण नीट काढा हं." मी काढते. ती घाण माझ्या नखात जाते, मासा तिच्या ताटात जातो.

शेजारी माझा नवरा पास्कू बसला होता. मोगरा त्याच्याही नाकात गेला. तो शिंकला आणि खाली बघत राहिला.

मॅडमच्या त्या ऑफिसात आम्ही गेलो होतो सबीनासाठी. माझी एकुलती एक पोर. नर्स. परदेशात, थंड मुलखात. देशाचं नाव मी इथे घेत नाही, तिची नोकरी तिथे आहे. तिला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण. आमच्यात पहिलं बाळंतपण आईच्या हाताखाली होतं, आणि पोर येऊ शकत नसेल तर आई जाते. जावई रात्रपाळीला. तिथे तिचं दुसरं कोणी नाही. रक्तदाब चढत होता. फोनवर म्हणाली, "आय, तू ये. मना भ्या वाटतं." ही पोर लहानपणी समुद्रालाही भ्यायली नव्हती.

बाळंतपणाला जाणाऱ्या आईचा वेगळा व्हिसा नसतो म्हणे. पर्यटक म्हणून जायचं. मॅडम ही व्हिसाची कामं करते. बाजारातच, माझ्या पाटीसमोर उभी राहून तिने सांगितलं होतं, "खात्यात पैसे दिसले पाहिजेत मावशी. पाच-सहा लाख तरी."

दिसले पाहिजेत म्हणाली. मी दाखवले. आमची बँक आमच्या अंगावर असते. चार पैसे उरले की सोनं. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा गहाण. नाताळाच्या आत सोडवून परत अंगावर. तीस वर्षं पाटी डोक्यावर घेऊन मी दोन पाटल्या, एक गोफ आणि एक साखळी केली होती. दुसऱ्याच दिवशी सगळं सोनाराकडे नेऊन मोडलं आणि आलेले पैसे एकरकमी खात्यात भरले. पासबुकावर तो आकडा छापून आला तेव्हा मी बँकेच्या पायरीवर उभी राहून हसले. अडाणी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

मॅडमने पासबुक बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय केलंत? एकदम एवढी रक्कम? आधीचं बघा. दोनशे, पाचशे, दोनशे. सहा महिन्यांचा व्यवहार बघतात व्हिसावाले. म्हणतील, कोणीतरी नुसते दाखवायला टाकलेत. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरता?"

"नाय."

"मग पैसा कुठून आला?"

"सोनं मोडलं. पावती हाय."

"सोनं कुठून आलं?"

"मासळी विकून."

"त्याची पावती?"

बारा वर्षांत तिने पापलेटाची पावती कधी मागितली नव्हती. हे मी मनात म्हणाले. हात मांडीवर होते, रिकामे. पाटल्यांच्या जागी पांढरे पट्टे उठले होते. सोनं गेलं होतं, आणि त्याचे झालेले पैसे माझे नाहीत असं मला सांगितलं जात होतं.

मग मॅडम जरा प्रेमाने बोलली. मार्ग आहे म्हणाली. घरात कोणी नोकरीवाला आहे का? पगाराची स्लिप, रिटर्न, नावावर फ्लॅट असलेला?

पास्कूने लगेच सांगितलं, "माजा भाव. इनास. सरकारी कचेरीत हाय. गोखिवऱ्याला फ्लॅट हाय त्याचा."

"छान. हे पैसे त्यांनीच तुम्हाला दिले असं दाखवू. पुढच्या गुरुवारी त्यांना घेऊन या."

या इनासबद्दल सांगते. सासरा गेला तेव्हा बोट दोघा भावांची होती. इनासने ती परस्पर विकली आणि पैसे फ्लॅटला लावले. मी बंदरावर सगळ्यांसमोर आमचा हिस्सा मागितला. त्याने वाळूत पडलेलं वल्हं उचललं आणि माझ्या उजव्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पास्कू दहा पावलांवर उभा होता. जाळं हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी मी प्लास्टर घातलेल्या हाताने बाजारात बसले होते. डाव्या हाताने बोंबील मोजून देत होते. हाड वाकडं बसलं ते बसलंच. पुढे पास्कूचा मणका गेला, नऊ वर्षं तो घरी आहे. घर, औषधं, सबीनाचं नर्सिंग, सगळं या वाकड्या मनगटावर चाललं.

गुरुवारी इनास आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मॅडमने त्याच्यासाठी चहा मागवला. आम्हाला पाणी. कागद तयार होता, स्टॅम्प पेपरवर. मॅडमने खणखणीत आवाजात वाचला.

"मी माझ्या वहिनीस प्रेमापोटी व स्वखुशीने सदर रक्कम बक्षीस देत आहे."

"परत वाचा," मी म्हणाले.

तिने वाचलं. प्रेमापोटी. स्वखुशीने. बक्षीस.

दुसरा कागद माझा होता. "अर्जदार ही गृहिणी असून तिला स्वतःचे कोणतेही उत्पन्न नाही. ती सर्वस्वी पतीवर अवलंबून आहे." खाली माझ्या सहीची जागा, पेन्सिलीने फुली मारलेली.

मी पास्कूकडे बघितलं. सर्वस्वी मी याच्यावर अवलंबून. याच्या बिडीचे पैसेसुद्धा मी उशीखाली ठेवते, मागायची लाज वाटू नये म्हणून.

इनास चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आता तरी मान वैनी. शेवटी दिरानंच तारलं."

आणि हसला. मॅडमही हसली. पास्कूने पेन माझ्या हातात दिलं. "कर ना सही. काय जातंय तुजं?"

काय जातंय ते मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. आज सांगते. पहाटे तीनला उठणं जातंय. बर्फाने सुन्न झालेली बोटं जातायत. पोटुशी असताना नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर घेतलेली पाटी जातेय. गिऱ्हाइकांच्या शिव्या जातायत. ते सगळं पुसायचं आणि त्यावर माझं हाड मोडणाऱ्याचं नाव लिहायचं. वर त्याला प्रेम म्हणायचं. माझ्या अंगात सणक गेली. एवढा संताप मला माझ्या मोडलेल्या हाडाचाही आला नव्हता.

मी दोन्ही कागद उचलले आणि फाडले. उभे, मग आडवे.

मॅडम किंचाळली, "स्टॅम्प पेपर आहे तो! तुम्हा लोकांचं हे असंच. मदत करायला जावं तर अंगावर येता. व्हिसा म्हणजे काय मांदेलीचा वाटा वाटला का, हवा तसा उचलायला?"

इनास उठला. त्याने माझं मनगट धरलं. तेच. आणि पिरगळलं. "मुकाट सही कर. भावाची इज्जत घालवतेस काय?"

मी डाव्या हाताने त्याच्या तोंडात हाणली. एक. चष्मा उडाला. दुसरी नाकावर बसली. रक्त आलं, पांढऱ्या शर्टावर पडलं, चहाच्या कपात पडलं. तो खुर्चीसकट भिंतीवर गेला. तिसरीही मारली. तिसरीची गरज नव्हती, पण मारली आणि बरं वाटलं. मी हे लपवत नाही. "मुडद्या," मी ओरडले, "बक्षीस देतोस? बोट खाल्लीस, हाड खाल्लंस, आता मेहनत पन खातोस?"

बाहेरचा वॉचमन धावत आला. "ए मच्छीवाली, निकल बाहर!" त्याने दंडाला धरून ओढलं. पदर फाटला. माझ्या हाताला टेबलावरचा तो मोगऱ्याचा डबा लागला. तो मी मॅडमच्या डोक्यावरून काचेच्या भिंतीवर फेकला. नेम मॅडमचा नव्हता, हे देवाशपथ सांगते. पण क्षणभर तिला तसं वाटलं आणि तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. वॉचमनने मला जिन्यावरून ढकललं. चार पायऱ्या घरंगळले. गुडघा फुटला.

खाली फुटपाथवर बसले. एव्हरशाईनचं भर दुपारचं रहदारीचं वळण. येणाऱ्या-जाणाऱ्यांत माझी गिऱ्हाइकं होती. ओळख न दाखवता पुढे गेली. पास्कू लंगडत खाली आला आणि म्हणाला, "पोर तिकडं मरंल तुजी. तुज्या घमेंडीपायी."

"घरी जा," मी म्हणाले. "भात शिजवलेला हाय, तो खा. माजी सही मागू नको."

तो गेला. मी बसून राहिले आणि मग मला स्वतःचीच चीड आली. कारण मला आठवलं. सबीनाला शाळेत घातलं तेव्हाचा फॉर्म. वडिलांचा व्यवसाय: मच्छीमार. आईचा व्यवसाय: गृहिणी. तो मीच लिहून घेतला होता, शेजारच्या मास्तरांकडून. मीच म्हणाले होते, "मासळीवाली नका लिहू, पोरीला वर्गात चिडवतील." शाळेच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम मागे बसायचे. मॅडमने फवारा आता मारला. मी तो माझ्यावर वीस वर्षं आधीच मारून घेतला होता. फुटपाथवर मी रडले ते याच्यासाठी, गुडघ्यासाठी नाही.

पुढच्या आठवड्यात नायगावच्या एका सायबर कॅफेत बसून अर्ज भरला. सबीना फोनवरून सांगत होती, तिथली मुलगी टाइप करत होती. व्यवसाय. मी म्हणाले, "मासळी विक्रेती. लिही." घरातल्या पत्र्याच्या डब्यात बाजार फीच्या पावत्या होत्या, ओल्या होऊन वाळलेल्या, काही खवल्यांसकट चिकटलेल्या. बर्फाच्या कारखान्याची बिलं होती. सोनाराची पावती होती. सगळं जोडलं. पैसा कुठून आला याचं पत्र सबीनाने इंग्रजीत लिहिलं, मी सांगितलं तसं. कुणाच्या प्रेमापोटी नाही. खाली मराठीत सही केली.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेले तर मशीन ठसे घेईना. खवले काढून काढून, काटे घुसून घुसून माझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात. तिथली पोरगी म्हणाली, "आंटी, पुन्हा दाबा." मी दाबलं. अकरा वेळा. मागे रांग चुकचुकत होती. शेवटी डाव्या अंगठ्याची रेषा दिसली आणि मग बाकीच्याही हळूहळू दिसल्या.

अर्ज नाकारला. पत्रात लिहिलं होतं की पैशाच्या उगमाबद्दल समाधान झालं नाही. सबीनाने ते मला फोनवर वाचून दाखवलं.

अकरा दिवसांनी तिला कळा आल्या. मग ऑपरेशन. मुलगी झाली. जावई पोहोचेपर्यंत ती एकटी होती. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर नात दिसली, लाल, मुठी आवळलेली. आणि मग माझी पोर रडत म्हणाली, "आय, करायची होतीस ना सही. एका सहीनं काय झालं असतं? मी मेले असते तर?"

इनासचं वल्हं, मॅडमचा फवारा, वॉचमनचा धक्का, सगळं मी सोसलं. हे मात्र थेट पोटात गेलं. मी फोन ठेवला नाही. तिला रडू दिलं. मग म्हणाले, "मेली असतीस तर मी पन मेले असते. पन तरी नसती केली. तुज्या पोरीला आजी पायजे ना? मग मी जी हाय तीच येनार. खोटं लिवून आले तर तिला दुसरीच कोन बाई भेटंल."

ती चिडून म्हणाली, "हट्टी हायस." फोन ठेवला. चार दिवस केला नाही.

मॅडमचा माणूस काचेचे पैसे मागायला दोनदा येऊन गेला. दिले नाहीत. ती आता मासळी दुसरीकडून घेते. इनास आमच्या गल्लीत येत नाही.

मी आता रोज बँकेत जाते. बाजार उठला की तशीच, पाटीसकट. दिवसाची कमाई भरते. कॅशियर ओल्या नोटा दोन बोटांत धरतो आणि तोंड वाकडं करतो. मी समोर उभी राहते, त्याने मोजून शिक्का मारेपर्यंत. सीएकडे जाऊन रिटर्न भरलं. त्यानेही धंदा विचारताना पेन थांबवलं होतं आणि म्हणाला होता, "किरकोळ व्यापार लिहू का?" मी म्हणाले, "मासळी लिही."

बँकेतल्या या व्यवहाराला परवा सहा महिने पुरे झाले. काल दुसरा अर्ज भरला. नात बसायला लागलीय. त्यांना नाही म्हणायचं तर म्हणू दे. मी तिसरा भरीन.