लपवलेली पावशी

गारा पडू लागल्या की कमळा हातातलं काम टाकून भाजी चिरायची पावशी अंगणात भिरकावते. लोखंड अंगणात पडलं की गारा थांबतात, असं तिची आई सांगायची.

कमळा सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. होळीच्या सुटीत शेजारी पाहुणा आलेला मुखरू गडचांदूरच्या बसला निघाला, तोच गारपीट सुरू झाली आणि तो यांच्या ओसरीवर चढला. आई आतून ओरडली, "कमळे, पावशी फेक लवकर!" कमळानं ती कणगीमागं लपवली. गारा पडत राहिल्या तर मुखरूची बस चुकणार होती.

थोरली बहीण कुंता घनश्यामला भेटायला तळ्यावर गेलीय, हे एकट्या कमळाला माहीत होतं. मुखरू आजचा दिवस राहणार, या आनंदात ती तेच विसरली.

गारपिटीत मोडून पडलेल्या तळ्याकाठच्या आंब्याखाली कुंता आणि घनश्याम मेलेली सापडली. मुखरू दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हा कमळानं मान वर केली नाही.

आता लेक हसते. "आई, लोखंडानं कुठी गारा थांबतेत का?"

"नाई थांबत, मले मालूम हाय," कमळा म्हणते. "पण त्या दिवशी म्या फेकून पाह्यली नाई."